पपडी निघाली, ऑक्सिजन आतच राहिला: तापलेल्या टायटॅनियमचं नेमकं काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फोर्जिंग शॉपनं ग्रेड ५ टायटॅनियमचे बार तेलावर चालणाऱ्या भट्टीत ९५० अंश सेल्सियसला तापवून घडवले. एरवी त्या भट्टीत स्टील तापतं. बारवर पांढुरकी-पिवळसर पपडी आली, ती शॉट ब्लास्टिंगनं, म्हणजे बारीक छऱ्यांच्या माऱ्यानं, काढली आणि माल स्वच्छ दिसू लागला. पण लेथवर टर्निंगला घेतल्यावर इन्सर्टच्या, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या तुकड्याच्या, कडा उडायला लागल्या आणि बेंड टेस्टमध्ये पृष्ठभागावर बारीक भेगा पडल्या. आता ते विचारतात की टायटॅनियम गंजत नाही म्हणून तर घेतात, मग हे कसं झालं? ॲल्युमिनियम इतकं सक्रिय असूनही उघड्या भट्टीत निवांत वितळतं आणि मॅग्नेशियम मात्र पेट घेतं. मग धातूच्या सक्रियतेवरून काय ठरवायचं?

आधी मालाचं सांगतो. ब्लास्टिंगनं तुमची पपडी निघाली, पण ऑक्सिजन निघालेला नाही. तो पपडीखालच्या धातूत विरघळून बसला आहे. त्या थराला आमच्या धंद्यात ‘अल्फा केस’ म्हणतात. इन्सर्ट तोच मोडतो आणि वाकवताना तोच तडकतो.

इथे स्टीलच्या कामाची सवय घात करते. घन लोखंडात ऑक्सिजन जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे तो वरच्या वर लोखंडाशी संयोग पावतो, पपडी धरतो आणि पपडी झडली की खाली पुन्हा लोखंडच असतं. त्यात थोडं कार्बन कमी झालेलं असेल, एवढंच. म्हणून स्टीलवाला पपडीकडे वजनातली घट म्हणून बघतो. टायटॅनियमचं गणित निराळं आहे. त्याच्या अल्फा रूपात, म्हणजे कमी तापमानाच्या स्फटिकरचनेत, दर शंभर अणूंमागे तेहेतीसच्या आसपास ऑक्सिजनचे अणू मावू शकतात, तेही वेगळं ऑक्साइड न बनता, धातूच्या जाळीतल्या मोकळ्या जागांमध्ये. तापलेलं टायटॅनियम एकाच वेळी वर ऑक्साइड धरत असतं आणि आत ऑक्सिजन पीत असतं. भिंतीत मुरलेली ओल वरचा पोपडा खरवडून जात नाही, तसंच हे.

किती ऑक्सिजननं फरक पडतो, तेही बघा. शुद्ध टायटॅनियमच्या ग्रेड १ मध्ये ऑक्सिजनची मर्यादा ०.१८ टक्के आहे, ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के. लोहाच्या प्रमाणातला थोडा फरक सोडला तर या दोन ग्रेडमधलं अंतर मुख्यतः तेवढंच, आणि तेवढ्यावर किमान यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो ती) अडीच पटींहून जास्त वाढते. तुमच्या ग्रेड ५ ला, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमच्या मिश्रधातूला, साधारण ०.२० टक्क्यांची मर्यादा असते. शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी जी जास्त शुद्ध जात घेतात, तिला ०.१३. एका टक्क्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शावर ग्रेड बदलणारा हा धातू आहे, आणि तुमच्या बारच्या पृष्ठभागात काही टक्के ऑक्सिजन शिरला आहे. आतल्या धातूची हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, विकर्स मापात ३३० ते ३५० असेल, तर कडेला ती ६०० च्या वर सहज मिळेल. एक तुकडा कापून, पॉलिश करून, हलक्या वजनाखाली कडेपासून आत मायक्रोहार्डनेस घेत जा. तो आलेख बघितल्यावर शंका उरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धातू सक्रिय आहे म्हणजे काय? ऑक्साइड बनताना किती ऊर्जा सुटते, हे तापमानाप्रमाणे मांडणारा एक प्रसिद्ध आलेख आहे, हॅरोल्ड एलिंगहॅमनं १९४४ मध्ये मांडलेला. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिर्कोनियम आणि टायटॅनियम तळाशी असतात, लोखंड त्यांच्या बरंच वर, तांबं आणखी वर. जितकं खाली, तितकी ऑक्सिजनची ओढ जास्त. ही ओढ केवढी, याचा अंदाज देतो. हजार अंशांना ॲल्युमिनियमचं ऑक्सिडेशन होऊच नये असं वाटत असेल, तर ऑक्सिजनचा दाब वातावरणाच्या दहाचा उणे पस्तिसावा घात इतका खाली न्यावा लागेल. टायटॅनियमचीही गत त्याच पट्टीतली आहे. चांगल्या व्हॅक्यूम भट्टीत आपण दहाचा उणे पाचवा घात मिलिबारच्या आसपास असतो. म्हणजे तिथेही टायटॅनियमचा ऑक्सिडेशनकडचा कल तसाच असतो. व्हॅक्यूमचा उपयोग होतो तो एवढ्याच कारणानं की तिथे धडकायला रेणूच फार थोडे असतात. म्हणून गळकी भट्टी, ओलसर विटा आणि तेलकट माल यांचा मला फार राग आहे. गेजवर आकडा चांगला दिसत असतो आणि टायटॅनियम ती गळती तासन्‌तास शोषत बसलेलं असतं.

पण हा आलेख फक्त दिशा सांगतो, वेग सांगत नाही. वेग ठरवतो तो पृष्ठभागावर तयार झालेला ऑक्साइडचा थर. थर सलग, घट्ट आणि चिकटून बसणारा असेल, तर पुढचा ऑक्सिजन किंवा धातूचे आयन त्या थरातून झिरपूनच एकमेकांना भेटू शकतात. थर जाड होईल तसा वेग मंदावतो. जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट वेळेत जाडी दुप्पट होते. या पॅराबोलिक नियमाची सैद्धांतिक बैठक कार्ल वॅग्नरनं १९३३ मध्ये घालून दिली. थर भेगाळलेला किंवा सच्छिद्र असेल, तर वायू थेट धातूपर्यंत पोचतो आणि वेग कमी होतच नाही. जितका वेळ, तितका नाश.

थर सलग राहील की नाही, याचा सोपा ठोकताळा पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये दिला. खर्ची पडलेल्या धातूच्या घनफळाच्या तुलनेत ऑक्साइडचं घनफळ किती, हे गुणोत्तर बघायचं. मॅग्नेशियमसाठी ते ०.८१ आहे, ॲल्युमिनियमसाठी १.२८, झिर्कोनियमसाठी १.५६, टायटॅनियमसाठी १.७३. एकाहून कमी असेल तर ऑक्साइड धातूला पुरतं झाकूच शकत नाही. तुमच्या मॅग्नेशियमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वतः उत्तम रिफ्रॅक्टरी आहे, भट्ट्यांच्या विटा त्याच्या करतात, ते २८०० अंशांपर्यंत वितळत नाही. दोष त्याच्या गुणात नाही, तो पसरायला अपुरा पडतो. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे मॅग्नेशियमची वाफ. ६५० अंशांना वितळणारा हा धातू १०९१ अंशांना उकळतो, आणि वितळण्याच्या सुमारासच त्याची वाफ इतकी असते की ती विरळ थरातून वर येऊन हवेत पेट घेते. म्हणून मॅग्नेशियमच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूवर सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा वायू अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. त्यातला फ्लोरिन ऑक्साइडच्या थरात शिरून त्याची भोकं बुजवतो. हा वायू हरितगृह परिणामाच्या दृष्टीनं कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पट घातक असल्यानं आता सल्फर डायऑक्साइड किंवा दुसरे फ्लोरिनयुक्त वायू वापरण्याकडे कल आहे. मिश्रधातूत थोडं कॅल्शियम घातलं तरी पेट घेण्याचं तापमान वर सरकतं.

ॲल्युमिनियमचं नशीब याच्या उलट. त्याचा थर सलग बसतो, आणि त्या ऑक्साइडमधून ना ॲल्युमिनियम सहज सरकतं ना ऑक्सिजन. साध्या तापमानाला तो दोन-चार नॅनोमीटर जाड असतो, वितळलेल्या धातूवरही साय धरतो, आणि ती मोडली नाही तर खालचा धातू सुरक्षित असतो. मोडली, ढवळली, चिप्स टाकल्या, की ड्रॉस, म्हणजे वर तरंगणारा ऑक्साइडमिश्रित मळ, वाढलाच. ॲल्युमिनियममध्ये काही टक्के मॅग्नेशियम असेल तर मॅग्नेशियम वर येऊन तो सलग थर बिघडवतं. ५००० मालिकेचे, म्हणजे असे मॅग्नेशियमयुक्त, मिश्रधातू वितळवणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा आहे.

आता टायटॅनियम. १.७३ हे गुणोत्तर एकाहून भरपूर जास्त आहे, म्हणजे थर सलग हवा. पिलिंग-बेडवर्थवर विसंबून राहू नका असं मी नवीन मुलांना सांगतो ते याच उदाहरणावरून. साध्या तापमानाला आणि समुद्राच्या पाण्यात टायटॅनियमचा पातळ थर खरंच अप्रतिम असतो. ‘गंजत नाही’ हे त्या परिस्थितीपुरतं शंभर टक्के खरं आहे. तापमान चढलं की मात्र टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा वाढतात आणि त्यांतून ऑक्सिजन आत सरकतो. नवं ऑक्साइड बाहेर न बनता आत, धातू आणि थर यांच्या सीमेवर बनतं. तिथे फुगायला जागा नसते. पावणेदोन पट घनफळ दाटीवाटीनं बसतं, ताण साचतो, थर सुटतो, खाली नवा थर धरतो, तोही सुटतो. तुमच्या पपडीचा तुकडा मोडून बघा, एकावर एक पापुद्रे दिसतील. साधारण ८०० ते ९०० अंशांच्या पुढे हे पापुद्रे राखण करेनासे होतात आणि ऑक्सिडेशन वेळेच्या सरळ प्रमाणात वाढायला लागतं.

त्याच वेळी आतला ऑक्सिजन खोल शिरत असतो. ९०० ते ९५० अंशांना तासाभरात ही खोली काही डझन मायक्रॉनपासून दशांश मिलिमीटरपर्यंत जाते. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंशांना आणि ग्रेड ५ सुमारे ९९५ अंशांना पूर्णपणे बीटा रूपात, म्हणजे जास्त तापमानाच्या स्फटिकरचनेत, जातं, आणि बीटामध्ये ऑक्सिजन अल्फापेक्षा वेगानं धावतो. म्हणून भट्टीत एखादा कोपरा पन्नास अंशांनी जास्त तापत असेल, तर तिथल्या बारचं नुकसान पन्नास अंशांच्या हिशेबात मोजता येत नाही. जेट इंजिनात टायटॅनियमचे मिश्रधातू ५५० ते ६०० अंशांच्या पुढे का नेत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

याच स्वभावामुळे हा धातू महाग आहे. पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम नवव्या क्रमांकावर आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. खनिज मुबलक, पण लोखंडासारखं कोळशानं ते सोडवता येत नाही, कारण टायटॅनियम कार्बनलाही धरून ठेवतं. विल्यम क्रोलनं काढलेल्या पद्धतीत आधी ऑक्सिजन काढून टाकून क्लोराइड करायचं, मग आर्गॉनच्या आवरणाखाली बंद भांड्यात मॅग्नेशियमनं ते सोडवायचं. केरळात चवरा इथे असा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चं टायटॅनियम, बनतो, हैदराबादला मिधानी या सरकारी कंपनीत तो व्हॅक्यूममध्ये वितळवतात. एवढ्या कष्टानं ऑक्सिजनपासून दूर ठेवलेला धातू आपण उघड्या भट्टीत टाकतो, तेव्हा ते कष्ट उलटे फिरवत असतो.

नायट्रोजनही सुरक्षित नाही, हे इथेच सांगतो, कारण ‘मग नायट्रोजन सोडून तापवू का’ असं पुष्कळ जण विचारतात. टायटॅनियम नायट्रोजनही विरघळवतं आणि त्यानंही ठिसूळ होतं. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. इंजिनातली पंख्याची टायटॅनियमची डिस्क फुटली होती, आणि भेगेचा उगम धातू वितळवताना राहिलेल्या नायट्रोजनयुक्त कठीण अल्फाच्या एका बारीक ठिपक्यात सापडला. इतका लहान ठिपका, आणि तो वरून दिसणारा नव्हता.

झिर्कोनियम हा टायटॅनियमचा सख्खा भाऊ, आणि याच विषयाचं सर्वांत गंभीर रूप त्याच्यात दिसतं. अणुभट्टीतलं इंधन झिर्कॅलॉय या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेलं असतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून याच जातीच्या नळ्यांवर चालल्या, आणि आपल्या नळ्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. ३०० अंशांच्या आसपास पाण्यात हा धातू वर्षानुवर्षं नीट राहतो. पण पाणी आटलं आणि नळ्या तापल्या, की झिर्कोनियम वाफेतून ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन सोडतं आणि भरपूर उष्णता बाहेर टाकतं. १२०० अंशांच्या पुढे ही उष्णताच अभिक्रियेला पुढे ढकलते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात इमारती उडाल्या त्या या हायड्रोजननं. मात्र अमेरिकी नियमात नळीचं तापमान १२०४ अंशांच्या आत आणि ऑक्सिडेशन भिंतीच्या जाडीच्या १७ टक्क्यांच्या आत ठेवायची जी अट आहे, तिच्या मुळाशी ठिसूळपणा आहे. ऑक्सिजन मुरलेली नळी गार पाणी पडताच काचेसारखी तडकू नये, यासाठी ती रेषा आखली आहे. म्हणजे तुमच्या बेंड टेस्टमध्ये जे दिसलं, तेच तिथे जिवावर बेतू शकतं.

आता पुढच्या लॉटसाठी. हे फोर्जिंग उघड्या भट्टीत करायचंच असेल तर करता येतं, जग करतं, पण अल्फा केस धरूनच मापं ठेवावी लागतात. सगळ्या बाजूंनी मशीनिंग अलाउन्स ठेवा आणि फोर्जिंगचं मशीन केलेलं अंतिम माप त्या थराच्या खालच्या चांगल्या धातूत असू द्या. तापवण्याआधी काचेच्या लेपाचं कोटिंग द्या. ते तापल्यावर मऊ होऊन पृष्ठभाग झाकतं आणि डायमध्ये वंगणाचंही काम करतं. बार लागेल तेवढाच वेळ आत ठेवा. हॅमर अडकला म्हणून माल तासभर भट्टीत राहिला, तर तो लॉट वेगळा काढून तपासा.

भट्टीच्या ज्वाळेबद्दल स्टीलवाल्यांची आणखी एक सवय इथे उलटते. स्टीलची पपडी कमी करायला हवा थोडी कमी करून ज्वाळा धुरकट ठेवतात. टायटॅनियमला तसं कधीही करू नका. अपुऱ्या हवेत न जळलेला हायड्रोजन टायटॅनियम अधाशासारखा शोषतं, आणि त्याची मर्यादा जेमतेम १५० पीपीएमच्या आसपास असते. हवा किंचित जास्तच ठेवा. ऑक्सिजन पृष्ठभागाजवळ राहतो आणि कापून काढता येतो. हायड्रोजन आरपार जातो. हायड्रोजन व्हॅक्यूममध्ये तापवून परत काढता येतो, ही त्यातली जमेची बाजू. विरघळलेला ऑक्सिजन मात्र कुठल्याही व्हॅक्यूमनं परत निघत नाही. ज्यांनी तुम्हाला ‘व्हॅक्यूम ॲनीलिंग करून अल्फा केस घालवतो’ असं सांगितलं असेल, त्यांचं ऐकू नका.

भट्टीचा तळ स्टीलच्या पपडीपासून पूर्ण साफ करा. लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन टायटॅनियम हिसकावून घेतं आणि तिथे जागच्या जागी प्रचंड उष्णता सुटते. रुळ जोडताना ॲल्युमिनियम आणि आयर्न ऑक्साइडची जी अभिक्रिया वापरतात, त्याच जातीची. शिवाय लोखंड आणि टायटॅनियम मिळून १०८५ अंशांच्या सुमाराला वितळणारं मिश्रण बनतं. बार उघड्या हातानं हाताळू नका, क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटनं पुसू नका. ॲसिटोननं पुसा आणि स्वच्छ हातमोजे वापरा.

टर्निंग करताना आगीची काळजी घ्या. जाड बार पेटत नाही, कारण उष्णता आत वाहून जाते. बारीक चिप्स आणि ग्राइंडिंगचा कीस पेटतो, आणि पेटला की पाणी, कार्बन डायऑक्साइड, फोम यांतलं काहीही चालत नाही. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम त्यांच्यातूनही ऑक्सिजन काढून घेतात, पाण्यातून वर हायड्रोजन सोडतात. पूर्ण कोरडी वाळू, कोरडं मीठ किंवा धातूच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची पावडर मशीनशेजारी असलीच पाहिजे. वाळू ओली असेल तर ती नसलेली बरी. चिप्स रोज उचला, दुसऱ्या धातूंच्या चिप्समध्ये मिसळू नका, धार बोथट झालेल्या इन्सर्टनं काम रेटू नका.

हाती असलेल्या लॉटचं काय करायचं? आधी ब्लास्टिंगनंतर पपडी खरंच सगळीकडून गेली आहे याची खात्री करा, कारण पपडीचे डाग राहिले तर पिकलिंग, म्हणजे ॲसिडनं पृष्ठभाग विरघळवून काढणं, तिथे चालत नाही आणि शेजारी खड्डे पडतात. मग नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात पिकलिंग. नायट्रिकचं प्रमाण हायड्रोफ्लोरिकच्या सुमारे दहापट ठेवा, नाहीतर धातू हायड्रोजन घेतो. तुमच्याकडे हायड्रोफ्लोरिकची सोय आणि प्रशिक्षित माणसं नसतील, तर हे काम बाहेर द्या. हे ॲसिड कातडीवर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली हाताशी असल्याशिवाय कुणालाही त्या टाकीजवळ उभं करू नका. पिकलिंगनंतर पुन्हा एक तुकडा कापून मायक्रोहार्डनेस घ्या, क्रोलच्या एचंटनं, म्हणजे धातूची रचना उघडी करणाऱ्या ॲसिडच्या द्रावणानं, एच करून कडेला पांढरा पट्टा दिसतो का बघा, आणि हायड्रोजनची चाचणी करून घ्या. पट्टा गेला, हार्डनेस आतल्या धातूइतकी आली आणि माप अजून ड्रॉइंगमध्ये बसतंय, तर माल वापरा. माप बसत नसेल तर तो भाग फेरोटायटॅनियमसाठी, म्हणजे लोखंड-टायटॅनियमच्या मिश्रधातूसाठी, भंगारात जाऊ द्या. आणि तो भंगार विकताना अल्फा केस असलेला म्हणून वेगळा लिहून द्या, म्हणजे पुन्हा वितळवणारा त्याला चांगल्या चिप्समध्ये मिसळणार नाही.